आधी रंगमंच की आधी दिवाळी अंक?

नौपाड्यातल्या आमच्या हौशी गटाकडे नाटकाची एक संहिता तयार आहे. गडकरी रंगायतनला प्रयोग लावायचा की कथा करून दिवाळी अंकाला द्यायची, यावर आठवडाभर खल चाललाय.

प्रयोग करायचा तर संहिता आधी राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे तपासायला द्यावी लागते. म्हणजे कुठलं वाक्य प्रेक्षकांच्या कानावर पडावं, हे पडदा उघडण्याआधीच कोणीतरी ठरवणार. मला हे मनापासून खटकतं. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’मध्ये मंडळाने इतकी काटछाट सुचवली की दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावं लागलं. ते जिंकले. पण हौशी गटाला वकील कुठून परवडणार? आम्ही तर धास्तीने दोन शिव्या लिहितानाच गाळल्या. अशी कात्री कुठल्याच सरकारी कागदावर दिसत नाही, आणि तीच सगळ्यात खोल लागते.

छापायला आगाऊ परवानगी नको. धोका असतो तो नंतरचा: अश्लीलतेचा खटला, नाहीतर जप्ती. लेखक चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि त्यांना निर्दोष सुटायला १९६९ उजाडलं, तेही सर्वोच्च न्यायालयात. सात वर्षं! तरी कथा वाचकांपर्यंत पोचली होती.

म्हणून माझं मत छापण्याला. आधी कथा येऊ दे, मग संहिता एकही शब्द न गाळता मंडळाकडे पाठवू. त्या दोन शिव्या मी काल रात्री परत घातल्या.