बांबूचं धनुष्य, लाकडी रिकर्व्ह की बेअरबो? आणि बाण मोजायचे की नुसते सोडायचे?

आतेभावाचा फोन आला तेव्हा मी होटगी रोडच्या पुढे, एका स्नेह्यांच्या शेतात, पोत्यात चिंध्या कोंबत होतो. टॉवेलच्या कारखान्यांतून निघालेल्या चिंध्या सोलापुरात सहज मिळतात आणि ३० पाउंडांच्या धनुष्याचा (पाउंड म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर) बाण अडवायला त्यांच्यासारखी चीज नाही. पोतं गच्च भरलं की बाण चार बोटं आत रुततो आणि दोन बोटांनी ओढला की बाहेर येतो.

"काय करलालास बे?" भाऊ म्हणाला. "धनुष्याचं सांग की. मला बी घ्यायचंय, पोरीला बी. आपल्याला काय ऑलिम्पिकला जायचं न्हाई, पण नुस्ता टाइमपास बी नको."

फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोललो. खरं तर त्याने एका दमात दोन प्रश्न विचारले होते. एक, कोणतं धनुष्य घ्यावं. दुसरा, घेतल्यावर त्याचं करायचं काय. लोक पहिल्यावर महिनाभर युट्यूब बघतात आणि दुसऱ्यावर पाच मिनिटंही घालवत नाहीत, म्हणून बरीच धनुष्यं माळ्यावर जातात. दोन्हींचं उत्तर इथे सविस्तर देतो.

बांबू

आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर 'इंडियन राउंड' नावाचा स्वतंत्र प्रकार आहे. बांबूचं धनुष्य, साधे बाण, ३० आणि ५० मीटरचं अंतर. साईट (नेम धरायची खूण), स्टॅबिलायझर (तोल राखणारे दांडे) असला लवाजमा नाही. तिघांत खर्च सगळ्यात कमी, शालेय स्पर्धांची दारं उघडी, आणि बाण चुकला तर दोष देण्यासारखं धनुष्यात फारसं काही नसतं. भारताचे ऑलिम्पिक तिरंदाज लिंबाराम राजस्थानातल्या आपल्या खेड्यात बांबूच्याच धनुष्यावर वाढले. पुढे आधुनिक रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेऊन १९९२ साली आशियाई पातळीवरच्या स्पर्धेत ३० मीटरवर त्यांनी ३६० पैकी ३५८ गुण मारले आणि त्यावेळच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली. म्हणजे बांबूवर सुरुवात करून माणूस मागे पडतो असं काही नाही.

पण बांबूचे नखरे आहेत. एकाच कारागिराची, एकाच पाउंडाची दोन धनुष्यं सारखी ओढली जात नाहीत. दोरी चढवून ठेवली तर बाक धरतं, म्हणून सराव संपला की उतरवायचीच. सुटताना हाताला झटका बसतो. आणि अखंड धनुष्य चांगलं पाच फुटी, ते न्यायचं कसं? मी एकदा कापडी खोळीत घालून पंढरपूरच्या एसटीत चढलो होतो. शेजारच्या वारकरी बाबांनी खोळीवरून हात फिरवला आणि विचारलं, "माउली, वीणा का?" हो म्हणालो असतो तर पुढचे दोन तास अभंग म्हणावे लागले असते.

लाकडी टेकडाउन रिकर्व्ह

माझ्याकडे हे आहे, तेव्हा थोडी बाजू घेतली जाईल, ती वजा करून वाचा. मधली लाकडी मूठ म्हणजे रायझर, आणि वर-खाली दोन पाती, त्यांना लिंब म्हणतात. ("लिंब मागवलेत" असं घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "किती डझन?") स्क्रू काढले की तिन्ही तुकडे सॅकमध्ये मावतात. मोठा फायदा असा की, सुरुवातीला २२-२४ पाउंडांचे लिंब घ्यायचे, वर्षभराने अंग तयार झालं की रायझर तोच ठेवून नुसते लिंब बदलायचे.

नवा माणूस पाउंडाच्या आकड्यावर भाळतो आणि इथेच फसतो. लिंबावर छापलेला आकडा साधारण २८ इंच ओढीचा असतो. तुमची ओढ २६ इंच असेल तर दर इंचाला दोन-अडीच पाउंड वजा करा. ३५ पाउंडांचं धनुष्य तुमच्या हातात ३०-३१ चंच असतं. तरीही पहिल्यांदा ३५ घेऊ नका. दहा बाणांनंतर खांदा कानाशी येतो, आणि त्या खांद्याने पाठ झालेली चूक मोडायला वर्ष जातं. जिमला जाणाऱ्या धडधाकट माणसांनाही मी हेच सांगतो आणि ते ऐकत नाहीत.

या धनुष्यात बाण मुठीवरच्या कट्ट्यावरून, शेल्फवरून, सुटतो. त्यामुळे बाणाला खरी पिसं हवीत. पीस शेल्फला घासताना दबतं आणि लगेच उभं राहतं. प्लॅस्टिकची पाती तिथे आपटून बाण तिरपा उडवतात. पिसं पावसात चिपकतात ही तक्रार कोकणात खरी, आपल्याकडे ती काळजी फार दिवस करावी लागत नाही.

आपल्याकडे काळजी उन्हाची. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका लग्नाला गेलो आणि धनुष्य बंद गाडीत, मागच्या काचेखाली राहिलं. जेवणं आटोपून आलो तर गाडीचं हँडल धरवत नव्हतं. संध्याकाळी दोरी चढवली, अर्ध्यापर्यंत ओढली आणि वरच्या लिंबातून 'टिक' असा बारीक आवाज आला. लाकूड आणि फायबरचा थर टोकाकडे सुटला होता, मधे नख जाईल एवढी फट. लिंब गेले. चूक पूर्ण माझी. तेव्हापासून धनुष्य माझ्याबरोबर मांडवात येतं आणि आहेराच्या टेबलाखाली बसतं.

बेअरबो

धातूचा रायझर, बाणाला बाजूने टेकू देणारा स्प्रिंगचा प्लंजर, खाली वजनं, पण साईट नाही. नियम असा की, दोरी उतरवलेलं धनुष्य १२.२ सेंमी व्यासाच्या कड्यातून पार झालं पाहिजे. यात अंतराप्रमाणे दोरीवर बोटं खाली सरकवून बाणाचं टोकच मध्यावर धरता येतं. अचूकता भरपूर, स्पर्धा आंतरराष्ट्रीय, खर्च तिघांत सगळ्यात जास्त. ज्यांना एक्सेल शीट उघडली की बरं वाटतं त्यांनी डोळे मिटून हेच घ्यावं. मला त्यात पारंपरिकपणाची चव कमी लागते, पण हा चवीचा भाग झाला.

अंगठ्यात कडं घालून ओढायची छोटी, वळणदार घोडेस्वारी धनुष्यंही हल्ली ऑनलाइन दिसतात. दिसायला तिघांपेक्षा देखणी. पण अंगठ्याची पकड वेगळीच विद्या आहे, बाणही धनुष्याच्या दुसऱ्या अंगाला बसतो, आणि आसपास शिकवणारं कोणी नसताना तिथून सुरुवात करणं म्हणजे पोहणं पुस्तकातून शिकणं. दुसरं धनुष्य म्हणून खुशाल घ्या.

वही की मोकळं रान

आता दुसरा प्रश्न. सरावाच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्ही मी अति करून बघितल्या आहेत.

पहिलं वर्ष वहीचं. १८ मीटर, ८० सेंमीचा कागद, ३० बाण, ३०० पैकी किती. रोज. पहिला आकडा ११२ होता, चार महिन्यांत १९० च्या पुढे गेला. एवढ्या वेगाने वाढणारं दुसरं काही तेव्हा माझ्या आयुष्यात नव्हतं, त्यामुळे चटक लागली. मग १९८ वर गाडी अडली आणि अडल्यावर विचित्र प्रकार सुरू झाला. हात ओठाच्या कोपऱ्याशी पोचायच्या आधीच बोटं दोरी सोडून द्यायची. बाणाचं टोक कागदाच्या मधल्या पिवळ्यावर आलं की आपसूक. याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि तो भल्याभल्यांना होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं दोरी खराब आहे. दोरी बदलली. मग टॅब, म्हणजे बोटांवरचं चामडं, बदलला. आकडा १५० वर आला. संध्याकाळी शेताकडे गाडी वळवायचाही कंटाळा यायला लागला.

मग दुसरं टोक. वही बंद, कागद फाडला आणि रानात भटकायला लागलो. ज्वारी काढून झालेली, धसकटं उभी, बाणाला बोथट टोक लावायचं आणि चालता चालता ठरवायचं, "ते ढेकूळ." सोडायचा. मग तिथून दुसरं ढेकूळ. दर वेळी अंतर वेगळं, उतार वेगळा, वारा वेगळा. यातली मजा शब्दांत सांगणं अवघड आहे. लहानपणी चिंचेवर दगड मारताना जी होती तीच. डोळा अंतर ओळखायला शिकतो तोही इथेच, रंगवलेल्या १८ मीटरच्या रेषेवर नाही. तोटे दोन. एक अगदी इथला: उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, भेगेत बाण गेला की गेला. दुसरा जास्त गंभीर. आठ महिन्यांनी मित्राने मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला तेव्हा कळलं, दर बाणाला सुटायच्या क्षणी माझा डावा हात खाली पडतो. आठ महिने मी तीच चूक आनंदाने करत होतो. ढेकूळ चुकलं की दुसरं ढेकूळ निवडायचं, त्यामुळे चूक दिसतच नव्हती.

(भटकताना एक पथ्य: पाखरू, ससा, काहीही जिवंत, निशाण नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, आणि नान्नजकडे तर माळढोकाचं अभयारण्य आहे. त्या बाजूला धनुष्य घेऊन फिरकूही नये.)

दोन्ही तऱ्हा शेजारी ठेवल्या तर माझं मत असं. वही खरं बोलते, पण रोज विचारलं की छळते. मोकळं रान लाड करतं, पण सांगत काही नाही. आणि लोकांना वाटतं तसा हेतू वहीत नसतो. हेतू म्हणजे दोरी चढवायच्या आधी ठरवलेली एक गोष्ट. एकच. "आज फक्त मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकल्याशिवाय सोडणार नाही." त्या दिवशी बाण कुठे लागले हा प्रश्नच नाही.

टार्गेट पॅनिक गेला तो याच वाटेने. पोत्यावर कागद नाही, मी तीन पावलांवर, डोळे मिटलेले. ओढायचं, बोट ओठाला लागतंय हे जाणवू द्यायचं, पाठीमागे खांद्यांची हाडं जवळ येऊ द्यायची, आणि मग सोडायचं. तेवढ्या जवळून चिंध्यांत बाण घुसताना 'धप्प' असा ओला आवाज येतो. नीट सुटलेल्या बाणाचा आवाज आखूड असतो आणि बोटं चिकटलेल्याचा जरा फाटका. दोन आठवड्यांनी हा फरक कानाला कळायला लागला, आणि मला या खेळात जी गोडी परत लागली ती तिथे, जिथे मारायला काहीच नव्हतं. सहा आठवडे हेच केलं.

आता रविवारी सकाळी वही: ३० बाण, आकडा लिहायचा, मिटायची. मधल्या दोन संध्याकाळी एकेक ठरवलेली गोष्ट, आणि शेवटचे सहा बाण पैजेचे. हरणारा शेंगाचटणीचा पुडा आणतो. एक जोडकाम मात्र सगळ्यांना सांगेन, विशेषतः बांबूच्या किंवा लाकडी बाणवाल्यांना: बाणांवर नंबर घाला आणि कुठला कुठे लागला ते टिपा. माझा ४ नंबर कायम डावीकडे जायचा. मी महिनाभर पकड सुधारत होतो. नंबर घातल्यावर कळलं, बाकीचे अकरा नीट जातात, हा एकटाच वाकडा आहे. त्याला आता ढेकळांच्या कामाला ठेवलाय.

कोणी काय घ्यावं

पोरीला शाळेतून खेळायचं असेल आणि शिकवणारं कोणी असेल तर बांबू, हलका. शिकवणारं नसेल तर १४-१६ पाउंडांचं लाकडी. पण तिच्या डोळ्यासमोर शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी असेल, जी २०२३ साली बर्लिनला १७ व्या वर्षी विश्वविजेती झाली, तर तो रस्ता कंपाउंडचा, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचा, आहे. २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येतेय, तेव्हा तिला काय हवंय हे पैसे भरण्याआधी विचारून घेतलेलं बरं. भावासारख्या चाळिशीच्या, खांदा दुखणाऱ्या, बँकेत बसणाऱ्या माणसाने २४ पाउंडांचं लाकडी टेकडाउन घ्यावं, बरोबर दोरी चढवायचा स्ट्रिंगर घ्यावा (पाय अडकवून चढवली की लिंब पिळतात), आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाणात जायची ताकद लिंबात उलटते आणि धनुष्य फुटू शकतं.

गेल्या रविवारी दोघं शेतावर आले होते. पोरीने तीन पावलांवर डोळे मिटून वीस बाण सोडले आणि कागद लावायचा का विचारल्यावर "नको काका, आवाज ऐकू दे" म्हणाली. भावाने पहिल्या दहा मिनिटांत माझे दोन बाण भेगेत घातले. धनुष्य त्याने अजून घेतलेलं नाही, पण पैज हरल्याचा चटणीचा पुडा मात्र दिला.