प्लिकर्स: फरसाणाच्या डब्यातली चाळीस कार्डं

आधी वस्तू काय आहे ते सांगते. प्लिकर्स म्हणजे कागदी कार्डं आणि मोबाइलवरचं एक ॲप. कार्डावर काळी चौकोनी नक्षी असते आणि तिच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मी प्रश्न विचारायचा, मुलाने आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं आणि मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. माझ्या स्क्रीनवर नावं उमटत जातात, बरोबर ते हिरवं, चूक ते लाल. मुलांकडे फोन लागत नाही. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी आणि अक्षरं अगदी बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून फिरवणंही अवघड.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिक्स शिकवते. प्रथम वर्ष बी.एस्सी.ला ३८ मुलं, निम्मी एसटीने येणारी. गुगल फॉर्म, कहूट (फोनवर उत्तरं द्यायची प्रश्नमंजुषा) सगळं करून पाहिलं. पण प्रत्येकाच्या हातात चार्ज असलेला फोन आणि फोनमध्ये नेट, हे आमच्या वर्गात एकाच वेळी कधी जमलं नाही. इथे नेट फक्त माझ्या फोनला लागतं. तेही खिडकीजवळच्या बाकापाशी येतं, म्हणून मी तिथूनच स्कॅन करते.

कार्डांचं पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट मिळतं. ४० कार्डांचा संच आहे, मोठ्या वर्गासाठी ६३ चा. एका ए-फोर कागदावर दोन कार्डं बसतात, म्हणजे ४० कार्डांना २० कागद. माझी पहिली चूक इथेच झाली. पावसाळ्यात मुलं भिजून येतात म्हणून हौसेने लॅमिनेशन करून घेतलं. झेरॉक्सवाल्याने चकचकीत प्लास्टिक लावलं आणि वर लॅमिनेशन झाल्यावर मधोमध कापलं. कापलेल्या कडेने आठवड्यात पाणी शिरलं. शिवाय खिडकीचा उजेड त्या प्लास्टिकवर पडला की कॅमेऱ्याला नक्षीच दिसेना. दुसरा संच साध्या जाड कार्डशीटवर काढला, २०० रुपयांत काम झालं. लॅमिनेशन करायचंच असेल तर मॅट, म्हणजे न चकाकणारं करा, आणि आधी कापा. माझी कार्डं आता फरसाणाच्या रिकाम्या डब्यात असतात आणि रोल नंबर हाच कार्ड नंबर.

आता खरी गोष्ट. न्यूटनचे नियम शिकवून झाले होते. अंतर्गत परीक्षेत बहुतेकांना वीसपैकी सतरा-अठरा. तिन्ही नियम व्याख्येसकट पाठ, उदाहरणं सुटलेली. मी प्रश्न टाकला: विहिरीतून बादली एकसारख्या वेगाने वर ओढताय. दोराचा ताण बादलीच्या वजनापेक्षा जास्त, कमी, तेवढाच, की सांगता येत नाही? त्या दिवशी ३६ जण हजर होते. हिरवी नावं सात. बाकी बहुतेकांचं उत्तर ‘जास्त’. घरी पाणी ओढणाऱ्या मुली तर ठामपणे म्हणाल्या, “मॅडम, हात दुखतात ना!”

हार्वर्ड विद्यापीठातले फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझुर यांचंही असंच झालं होतं. परीक्षेतली अवघड उदाहरणं सोडवणारी त्यांची मुलं साध्या कल्पनेच्या प्रश्नावर अडकली. मग त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न विचारायचा आणि मुलांना आपसात वाद घालू द्यायचा, ही पद्धत बसवली. त्यांचा ठोकताळा असा: साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर मुलांना बोलू द्या, त्याहून कमी असतील तर पुन्हा शिकवा. माझे सात म्हणजे २० टक्केसुद्धा नाहीत. मग प्रयोगशाळेतून स्प्रिंग बॅलन्स आणला, अर्धा किलोचं वजन अडकवलं आणि एका मुलाला सावकाश उचलायला लावलं. उचलताना काटा क्षणभर वर उडाला आणि हात सारख्या वेगाने चालू लागल्यावर अर्ध्या किलोवर येऊन थांबला, म्हणजे ताण वजनाएवढाच. पुन्हा कार्डं वर. १५ बरोबर. “आता शेजाऱ्याला पटवा,” म्हटलं. तीन मिनिटं वर्गाचा मासळीबाजार झाला आणि तिसऱ्या फेरीत २९ हिरवी. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं गेली. सतरा-अठरा मार्कांच्या त्या गठ्ठ्याने यातलं काही मला सांगितलं नव्हतं.

फुकट खात्यात प्रश्नांच्या एका संचात पाचच प्रश्न टाकता येतात. मला ती अडचण वाटत नाही, कारण पाच चांगले प्रश्न सुचायलाच माझी एक संध्याकाळ जाते. चुकीचा पर्याय असा हवा की मूल तो मनापासून निवडेल. ‘वरीलपैकी सर्व’ छापाचे प्रश्न घालायचे तर कार्डं घेऊच नका.

उणिवा आहेतच. पर्याय चारच, त्यामुळे सिद्धता कशी मांडली, एकक का विसरलं, आकृतीत बाण कुठे काढला, हे काही कळत नाही. त्याला वही तपासण्याला पर्याय नाही. मुलं कार्ड धरताना बोट नक्षीवर ठेवतात, मागच्या बाकावरच्यांचं कार्ड पुढच्याच्या डोक्याआड जातं. “हात वर, बोटं कडेला” हे मी आता झोपेतही म्हणत असेन.

आणि मार्क देऊ नका, हे मात्र अनुभवाने सांगते. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायली भरायचे दिवस होते. मुलांना किती आलं ही ‘साध्यता’ दाखवायला पुरावा हवाच होता, आणि ॲपमधून नावनिशीवार तक्ता आयता मिळतो. मी मोहात पडले आणि जाहीर केलं की कार्डांचे पाच मार्क अंतर्गतमध्ये धरणार. पुढच्या तासाला स्क्रीनवर सगळ्यांची नावं, पण डोकी मोजली तर एक मुलगा कमी. त्याची गाडी चुकली होती. त्याचा मित्र दोन्ही हातांत दोन कार्डं धरून बसला होता, चेहरा अगदी निष्पाप. ते एक वेळ हसण्यावारी नेलं. पण उत्तरंही बदलली. हुशार मुलीला हळूच विचारून कार्डं फिरायला लागली, पहिल्याच फेरीत ३०-३२ बरोबर येऊ लागली आणि “का?” विचारलं की वर्ग गप्प. मला हवं असलेलं चुकीचं उत्तर कुणी द्यायलाच तयार नव्हतं. पंधरा दिवसांत मार्क मागे घेतले. फाईलमध्ये आता चाचणीचे गुण आहेत. कार्डांचा तक्ता मी कुणाला देत नाही, मागितला तरी.

तुमच्याकडे चाळीस-पन्नासचा वर्ग असेल आणि पुढच्या तासाला काय शिकवायचं हे आजच कळायला हवं असेल, तर २०० रुपयांत याहून चांगली वस्तू मला तरी सापडलेली नाही. पाचपैकी चार तारे. एक कापला तो चारच पर्यायांसाठी.

परवा कॉमर्सचे सर डबा मागायला आले होते. त्यांचा वर्ग ११० चा, कार्डं फार तर ६३. तिघा-तिघांत एक कार्ड द्या, म्हटलं, वादही आपोआप होईल. डबा घेऊन गेलेत, अजून परत आलेला नाही.