पायथॉनचं आरई मॉड्यूल: कॉन्फिग फोडतं झकास, पण चुकलं तर चकार शब्द काढत नाही

आरई म्हणजे पायथॉनचं रेग्युलर एक्स्प्रेशनचं मॉड्यूल, पॅटर्न दिला की मजकुरातून जुळणारं शोधून देतं. बरेच दिवस वापरतोय म्हणून लिहितो. काम तसं फालतू होतं, कनेक्शनची सगळी सेटिंग्ज एकाच स्ट्रिंगमध्ये येतात, अशी:

होस्ट=अ;पोर्ट=5432;पासवर्ड="क;ख=ग"

हे फोडून डिक्शनरी करायची, म्हणजे नाव (की) आणि त्याची किंमत (व्हॅल्यू) अशा जोड्या, बस. आरई पायथॉनसोबतच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करायला लागत नाही, हे बरंय. पहिल्याच दिवशी मी (.*)=(.*) ठोकून दिलं आणि की म्हणून जवळजवळ अख्खी स्ट्रिंग हातात आली, व्हॅल्यू काय तर ग". स्टार हावरट असतो ना, शेवटच्या बरोबरच्या चिन्हापर्यंत सगळं गिळतो. मग ([^=;]+)=([^;]*) करून फाइंडऑल (जुळणारे सगळे तुकडे काढून देणारं फंक्शन) लावलं, होस्ट पोर्ट मस्त निघाले, पण पासवर्ड मध्येच तुटला आणि ही ख नावाची चौथी की आली कुठून म्हणून तासभर डोकं खाजवत बसलो. अवतरणातला सेमीकोलन हो! शेवटी व्हॅल्यूला ("[^"]*"|[^;]*) लावल्यावर गाडी रुळावर आली. यात अवतरणवाला भाग आधी हवा बरं का, डावीकडच्या पर्यायावर काम भागलं की हे उजवीकडे ढुंकून बघत नाही.

इथवर चूक माझीच. खरी तक्रार पुढे आहे. एकदा कुणीतरी पोर्ट=5432 ऐवजी पोर्ट:5432 लिहिलं आणि फाइंडऑलने तो तुकडा सरळ गाळला, एरर नाही, वॉर्निंग नाही, प्रोग्राम आपला डीफॉल्ट पोर्टवर निवांत चालू. न जुळलेलं सोडून पुढे जायचं हेच त्याचं काम आहे, मान्य, पण कॉन्फिगसाठी हे घातक. आता मी कंपाइल केलेल्या पॅटर्नच्या मॅचला पोझिशन (कुठून जुळवायचं ती जागा) देतो, मागचा तुकडा आणि त्यानंतरचा सेमीकोलन संपला की बरोब्बर तिथूनच पुढचा जुळला पाहिजे, नाहीतर एरर. आणि पोर्ट तपासायला फुलमॅचच वापरा, नुसतं मॅच फक्त सुरुवात बघतं, 5432क पण पास करतं.

व्हर्बोज फ्लॅग मात्र जाम आवडला, पॅटर्न चार ओळींत मोडून शेजारी कॉमेंट लिहिता येतात, त्यामुळे सहा महिन्यांनी स्वतःचंच लिहिलेलं कळतं. कंसात कंस असलं नेस्टेड काही असेल तर याच्या नादी लागू नका. फॉरमॅट तुमच्या हातात असेल तर सरळ टॉमल (कॉन्फिग लिहायचा तयार फॉरमॅट) घ्या, 3.11 पासून पायथॉनमध्येच त्याचा वाचणारा मॉड्यूल आहे.

पाचात साडेतीन. अर्धा मार्क मराठीसाठी कापलाय: की देवनागरीत असेल तर बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस (सलग अक्षरं-आकडे जुळवणारा पॅटर्न) 'नाव' मधला नुसता 'न' उचलतो, कानाच त्याला अक्षर वाटत नाही. गंमत म्हणजे बॅकस्लॅश डी ला (आकडा जुळवणारं चिन्ह) ५४३२ बिनतक्रार चालतं, इंटमध्ये (मजकुराची संख्या करणारं) टाकलं तर आकडापण बरोबर येतो.