कपाटाच्या दारांना वॉटर बेस्ड इनॅमल: काही महिन्यांच्या वापरानंतर

नवा रंग पहिल्या आठवड्यात चांगलाच दिसतो, त्यामुळे हा अभिप्राय लिहायला मुद्दाम उशीर केला. स्वयंपाकघरातील कपाटांची दारे, काही लाकडी आणि काही एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची), वॉटर बेस्ड म्हणजे पाण्यावर आधारित सॅटिन (मंद चमकेच्या) इनॅमलने घरीच रंगवली आणि तेव्हापासून ती रोज वापरात आहेत. मोठ्या पृष्ठभागावरची सफाई आजही टिकून आहे. जिथे रंग उणा पडला, त्या जागा मूठ आणि खालच्या कडा या दोनच आहेत.

ऑइल पेंट न घेण्याचे कारण पांढरा रंग हे होते. तेलाचा पांढरा रंग कमी उजेडात हळूहळू पिवळसर पडतो आणि कपाटाच्या दाराची आतली बाजू तर बहुतेक वेळ अंधारातच असते. वॉटर बेस्ड रंगाची आतली बाजू अजून बाहेरच्या बाजूशी जुळते. वासही कमी आणि ब्रश पाण्याने धुता येतो. मात्र हा रंग लवकर सुकून चिकट व्हायला लागतो, म्हणून एकदा फिरवलेल्या जागेवर पुन्हापुन्हा ब्रश नेला तर रेघा कायमच्या राहतात. लहान फोम रोलरने पातळ थर पसरवून लगेच एकाच दिशेने, जवळजवळ वजन न देता, रोलर शेवटचा फिरवला की पृष्ठभाग सपाट येतो. दारे बिजागऱ्यांपासून सोडवून आडवी ठेवली तर ओघळांची चिंता फारशी उरत नाही. प्रत्येक दारावर बिजागरीच्या खाचेत क्रमांक घातलेला बरा, कारण दिसायला सारखी दारे एकमेकांच्या जागी नीट बसत नाहीत.

तयारीत सर्वांत जास्त वेळ तेलकटपणा काढण्यात जातो आणि तो वेळ वाचवता येत नाही. आधी डिटर्जंटच्या पाण्याने धुणे, मग स्वच्छ पाण्याने पुसणे, आणि पूर्ण वाळल्यावरच १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर, हा क्रम उलटा केल्यास घासताना तेल आणखी आत जाते. लॅमिनेट असेल तर घट्ट धरणारा खास प्राइमर (रंगाआधी द्यायचा थर) लागतो. एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग शोषून घेतात, म्हणून तिथे प्राइमरचे दोन हात दिले आणि मधे ३२० नंबरच्या पेपरने हलकेच घासले; याचा फायदा आज स्पष्ट दिसतो. लाकडातील गाठींतून तपकिरी डाग वर येतात, त्यांना शेलॅकच्या (लाखेच्या) प्राइमरने आधीच बंद करावे लागते.

खरा मुद्दा थांबण्याचा आहे. हा रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, चार-सहा तासांत त्यावर दुसरा हात देता येतो, पण थर आतून पूर्ण कडक होण्यास तीन ते चार आठवडे लागू शकतात, दमट हवेत आणखी जास्त. पाणी उडून गेले तरी रंगातील रेझिनचे (थर बांधणाऱ्या घटकाचे) कण एकजीव होण्याचे काम आत चालूच असते. या काळात दार चौकटीला घट्ट टेकून राहिले तर दोन्हीकडचा रंग एकमेकांना चिकटतो आणि उघडताना कडेचा पापुद्रा निघतो. आम्ही दारे बसवल्यावर चौकटीच्या कोपऱ्यांवर पारदर्शक सिलिकॉनचे ठिपके लावले आणि पहिला महिनाभर ओले फडके दूर ठेवले. कडा त्यामुळेच बऱ्यापैकी वाचल्या, असे मला वाटते. सिंकखालच्या दारांच्या खालच्या कडेला मात्र पाण्याचे थेंब साचतात आणि तिथे रंग किंचित फुगला आहे; त्या कडेला प्राइमरचा आणखी एक हात हवा.

मुठींभोवती रंग थोडा मऊ झाला आहे. हाताच्या त्वचेचे तेल या रंगाच्या अॅक्रिलिक थराला मऊ करते, म्हणून दार मूठ धरूनच उघडावे, फळीला हात लावून ढकलू नये. घरात हे कुणी पाळत नाही. मूठ मोठी घेतली तर हा प्रश्न बराच कमी होतो. सफाईसाठी मऊ फडके आणि पातळ साबणपाणी पुरते. घासणीने सॅटिनवर चकाकते चट्टे उमटतात, ते परत जात नाहीत. चट्ट्यावर तेवढाच रंग लावणेही जमत नाही, कारण नव्या ठिपक्याची चमक वेगळी दिसते. अशा वेळी दाराची ती पूर्ण बाजू पुन्हा रंगवावी लागते. त्यासाठी उरलेला रंग मोठ्या डब्यात न ठेवता लहान बरणीत काठोकाठ भरून झाकला, तर त्यावर साय धरत नाही.