'१००% हॅन्डपेंटेड ऑइल' म्हणून प्रिंट गळ्यात मारलं, टर्नरचं टेमेरेअर मागवणाऱ्यांनी जरा वाचा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना हे चित्र माहितीच असेल, नाव नाही आठवलं तरी वीस पाउंडच्या प्लास्टिकच्या नोटेवर टर्नर या इंग्लिश चित्रकाराच्या मागे जे जहाज दिसतं तेच हे. 'द फायटिंग टेमेरेअर'. ९८ तोफांचं जहाज, १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनच्या व्हिक्टरी जहाजाच्या मागोमाग होतं, आणि १८३८ मध्ये भंगारात काढल्यावर शीअरनेसवरून थेम्समधून रॉदरहाइथला ओढत नेलं तोडायला. टर्नरने ते फिकट, भुतासारखं पांढरट रंगवलंय आणि पुढे त्याला ओढणारी, धूर ओकणारी काळी टगबोट. (खरं तर टगबोटी दोन होत्या आणि डोलकाठ्या आधीच काढून टाकलेल्या, पण चित्रकाराला कोण विचारणार.)

बाबा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमधून रिटायर झालेत. इकडे आले होते तेव्हा लंडनच्या नॅशनल गॅलरीत या चित्रासमोरून हलेनात. जुनी विक्रांत २०१४ मध्ये दारूखान्यात तोडली तेव्हा त्यांना काय वाटलं होतं ते आम्हाला घरी सगळ्यांना माहितीय. म्हणून पंचाहत्तरीला हेच द्यायचं ठरलं, पोस्टर नको, माणसाने हाताने रंगवलेली कॉपी. टर्नर १८५१ मध्ये गेला, त्यामुळे कॉपी करण्यात बेकायदेशीर काही नाही, आणि चीनमध्ये शेनझेनजवळच्या दाफेन गावात तर कित्येक चित्रकारांचं पोट याच कामावर चालतं आणि चांगलं काम करतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाहीये. तक्रार मधल्या दुकानदाराची आहे.

वेबसाइट एकदम झकास. लंडनचा पत्ता, 'म्युझियम क्वालिटी', 'सर्टिफिकेट सोबत', ६० बाय ९० सेमी, २४० पाउंड. बँक ट्रान्सफर केलं तर २० टक्के सूट म्हणत होते, ती मी घेतली नाही, क्रेडिट कार्डानेच दिले. मग आठवडा व्हायच्या आत मेल, पेंटिंग तयार आहे, पाठवतोय, आणि सोबत ईझलवरच्या (चित्र ठेवायच्या लाकडी घोडीवरच्या) अर्धवट रंगवलेल्या चित्राचा फोटो. आता ऑइलचा जाड थर एवढ्यात वाळत नाही हो, आठवडे लागतात, कधी कधी महिने.

पार्सल आलं. लांबून भारी दिसतं, खोटं का बोला. हात फिरवला तर ब्रशचे फटकारेही लागतात बोटाला. पण जवसाच्या तेलाचा वास अजिबात नाही, आणि फटकारे बघितले तर सगळे एकाच दिशेने, आडवे, सूर्यावरून तसेच, दोरखंडांवरून तसेच, पाण्यावरूनही तसेच. मूळ चित्रात सूर्याच्या आजूबाजूला रंग जाड थापलाय आणि जहाजाच्या दोऱ्या-काठ्या अगदी बारीक नाजूक काढल्यात, नॅशनल गॅलरीच्या साइटवर चित्र झूम करून बघता येतं, तिथे लगेच कळतं. इथे म्हणजे पुरणपोळीवर तूप फिरवावं तसं प्रिंटवर पारदर्शक जेल फिरवलेलं! कडेला जिथे जेल पोचलं नव्हतं तिथे भिंग धरलं तर इंकजेटचे रंगीत ठिपके चक्क मोजता येत होते.

अजून एक गंमत, आणि ही तुम्ही पैसे द्यायच्या आधीच तपासू शकता. मूळ चित्र ९०.७ बाय १२१.६ सेमी आहे. म्हणजे रुंदी ९० ठेवायची तर उंची ६७ च्या आसपास यायला पाहिजे. ह्यांची ६०. मधले ते सात सेमी गेले कुठे? तर खालून कापलेले, उजव्या कोपऱ्यातला तो काळा बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) अर्धाच उरलाय. खरा चित्रकार असता तर साइज बदलावी लागेल असं आधीच म्हणाला असता. आणि ईझलच्या फोटोत बोया पूर्ण दिसतोय! तो फोटो रिव्हर्स सर्चला टाकला तर आणखी दोन-तीन दुकानांच्या साइटवर तोच, त्यातला चित्रकाराचा हातसुद्धा तोच.

तक्रार केल्यावरचा प्रकार ठरलेला असतो बहुतेक. आधी म्हणे 'प्रकाशामुळे तसं वाटतंय'. मग २० टक्के परत देतो, चित्र तुम्हीच ठेवा. नाही म्हटल्यावर ३५. मग म्हणे चीनच्या गोडाऊनला स्वखर्चाने पाठवा, आणि शेवटी 'कस्टम मेड वस्तू परत घेत नाही'. इथेच बरेच जण गप्प बसतात. ऑर्डरप्रमाणे बनवलेल्या वस्तूला १४ दिवसांत विनाकारण परत करायचा हक्क नसतो हे खरंय, पण वर्णनाप्रमाणे वस्तू नसेल तर २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टखाली ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, कस्टम मेड असली तरी. आणि १०० पाउंडांच्या वर, ३० हजारांपर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली असेल तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं सेक्शन ७५ लागतं, दुकानदाराइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार, दुकानदार परदेशात असला तरी. फक्त मधे एखादं वॉलेट वगैरे असेल तर सेक्शन ७५ अडकू शकतं, म्हणून थेट कार्डच. बँक ट्रान्सफरवर सूट का देतात ते आता कळलं असेल.

मी बँकेला भिंगातून काढलेले ठिपक्यांचे फोटो, मूळ चित्राची मापं, तोच ईझलवाला फोटो दुसऱ्या साइटवर असल्याचे स्क्रीनशॉट आणि जाहिरातीचं पान (हे आधीच सेव्ह करून ठेवा, नंतर बदलतात) असं सगळं पाठवलं. पैसे परत आले, वेळ लागला पण पूर्ण आले.

भारतातून मागवत असाल तर सेक्शन ७५ नाही, बँकेत कार्डाचा डिस्प्युट टाकून चार्जबॅक (कार्डावरून गेलेले पैसे परत) मागा आणि दुकान भारतातलं असेल तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा.

बाबांना सांगितलं तेव्हा म्हणाले, पुढच्या वेळी येईन तेव्हा खरंच बघू परत, ते फुकट आहे. दुकान बाकी अजून चालू आहे, नाव नवीन, फोटो तोच.