शिराझची परीक्षा: मिरी कुठे लागते, कुठे हरवते

दुकानाच्या फळीवर नाशिकची शिराझ, ऑस्ट्रेलियाची शिराझ आणि क्वचित फ्रान्सची ‘सिरा’ शेजारी शेजारी उभ्या असतात. द्राक्ष एकच, वाइन तीन तऱ्हांची. या वाणाची खरी ओळख म्हणजे काळ्या मिरीचा वास. तो शाबूत असेल तर बाटलीनं वाणाशी इमान राखलं. नुसता गडद रंग, गोडसर फळ आणि लाकडाचा वास असेल तर ती वाइन वाईट असेलच असं नाही, पण लेबलावर दुसऱ्या कुठल्या द्राक्षाचं नाव असतं तरी चाललं असतं. इथे तिन्ही तऱ्हा याच एका निकषावर तोलल्या आहेत.

मिरीचा वास ही चाखणाऱ्यांची कल्पना नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली त्यामागचं संयुग दाखवून दिलं. त्याचं नाव रोटुंडोन, आणि मिरीच्या दाण्यालाही वास देतं ते हेच. लिटरभर लाल वाइनमध्ये सुमारे १६ नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. गंमत म्हणजे पाचांतल्या एकाला ते अजिबात कळत नाही, त्यामुळे एकाच बाटलीवरून टेबलावर वाद झाला तर दोघंही खरं बोलत असू शकतात. हे संयुग मण्याच्या सालीत तयार होतं. थंड हवा आणि सावलीतला घड असेल तर जास्त, उन्हात भाजलेल्या घडात कमी. पुढचं सगळं या एका गोष्टीवर फिरतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. हे द्राक्ष इराणच्या शिराझ शहरातून आलं, ही गोष्ट लेबलांवर अजून छापली जाते. १२२४ च्या सुमारास धर्मयुद्धावरून परतलेल्या एका सरदारानं फ्रान्सच्या ऱ्होन नदीकाठच्या टेकडीवर ते लावलं, असंही सांगतात. १९९८ साली अमेरिकेतल्या डेव्हिस आणि फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या संशोधकांनी डीएनए तपासला आणि आईबाप सापडले ते फ्रान्सच्याच आग्नेय भागातले: आर्देशचं लाल ड्युरेझा आणि सावोआचं पांढरं मोंदूझ ब्लांश. दोन्ही वाण आज जवळपास विस्मरणात गेलेले. म्हणजे सिरा घरचंच पोर, परदेशातून आलेलं नव्हे. ‘पेटिट सिरा’ लिहिलेली कॅलिफोर्नियाची बाटली दिसली तर ती मात्र वेगळी. ते बहुतेक वेळा ड्युरिफ असतं, सिराचं अपत्य. त्याचं टॅनिन, म्हणजे साली-बियांतला तोंड कोरडं करणारा घटक, जाड आणि तुरट.

उत्तर ऱ्होनची सिरा हे या वाणाचं मूळ माप. ग्रॅनाइटचे उभे चढ, दगडी बांधाच्या पायऱ्या, आणि मिस्त्राल नावाचा जोरदार वारा. सिराच्या काड्या लांब आणि कमकुवत असतात, वाऱ्यानं मोडतात, म्हणून वेल खांबांना बांधावी लागते. कोत-रोती या नावाचा अर्थ ‘भाजलेला उतार’, पण या भागातल्या पाच प्रसिद्ध लाल वाइन-पट्ट्यांत सर्वांत उत्तरेचा, म्हणून थंड, तोच. मिरी, जांभळाचा तुरटपणा आणि धुरकट मांसासारखा वास तिथे एकत्र लागतो. कायद्यानं तिथे २० टक्क्यांपर्यंत व्हियोनिए हे पांढरं द्राक्ष लाल द्राक्षाबरोबर आंबवता येतं. पांढरं घातल्यानं रंग फिका होईल असं वाटतं, पण सालीतली संयुगं रंगाला धरून ठेवतात आणि वाइन उलट गडद दिसते. प्रत्यक्षात बहुतेकजण चार-पाच टक्क्यांच्या पुढे जात नाहीत, कारण जास्त झालं की जर्दाळूचा वास मिरीवर चढतो. कोर्नासमध्ये भेसळ नाही, शंभर टक्के सिरा. हर्मिटाजची टेकडी जेमतेम १३६ हेक्टरची, तिची तरुण वाइन दातांना कोरडी ओढते, दहा वर्षांआधी उघडणं म्हणजे कच्चा फणस कापणं. पहिल्यांदा घ्यायची तर क्रोझ-हर्मिटाज घ्या. या भागात सर्वांत मोठं क्षेत्र तिचंच, भाव त्यातल्या त्यात आवाक्यात, आणि तीन ते सहा वर्षांत पिण्याजोगी होते. अल्कोहोल साधारण १२.५ ते १३.५ टक्के.

ऑस्ट्रेलियात कलमं पोचली ती जेम्स बस्बीनं १८३२ साली नेलेल्या संग्रहातून. युरोपच्या बागा फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीनं उद्ध्वस्त केल्या, पण दक्षिण ऑस्ट्रेलियात ती कधी शिरलीच नाही. त्यामुळे बरोसा खोऱ्यात १८४३ साली लावलेल्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. तिथली उष्णता मात्र मिरी खाऊन टाकते. राहतं ते काळं फळ, चॉकलेट, अमेरिकन ओक लाकडाच्या पिंपांचा व्हॅनिला-नारळ आणि १४ ते १५ टक्के अल्कोहोल. मॅक्स शुबर्टनं १९५१ साली प्रयोग म्हणून सुरू केलेली ‘ग्रेंज’ या शैलीचं शिखर. १९९० च्या हंगामापासून तिच्या लेबलावरून ‘हर्मिटेज’ हा शब्द गेला, फ्रान्सच्या टेकडीचं नाव दुसऱ्याला वापरता येत नाही म्हणून. मिरी हवी असेल तर बरोसा सोडून व्हिक्टोरियातल्या ग्रँपियन्ससारख्या थंड भागाचं नाव शोधा.

आपल्याकडच्या खरेदीदारानं एक हिशेब लक्षात ठेवावा. आयात वाइनवर एकूण सीमाशुल्क साधारण १५० टक्के. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे डिसेंबर २०२२ पासून पाच डॉलरवरच्या बाटलीला ते १०० टक्क्यांपासून टप्प्याटप्प्यानं उतरतंय, पण राज्याचे कर वेगळेच. म्हणून इथे परवडणारी ऑस्ट्रेलियन बाटली तिच्या गावी अगदी तळच्या फळीवरची असते. त्याच पैशांत नाशिकची रिझर्व्ह दर्जाची बाटली बहुतेक वेळा सरस ठरते.

आता नाशिक. इथे वेल झोपत नाही, हिवाळी विश्रांती नाहीच. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, आणि काढणी जानेवारी अखेर ते मार्च. खरा फरक दिशेचा आहे. ऱ्होनमध्ये मण्यांत पाणी उतरल्यावर दिवस थंड होत जातात, नाशिकमध्ये तापत जातात. जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा मण्यातलं आम्ल टिकतं. मार्चला दुपार पस्तिशीला टेकली की साखर झपाट्यानं चढते, आम्ल कोसळतं, आणि बी मात्र अजून हिरवट. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, २४ दाखवतं म्हणून काढणी केली तर वाइन एकाच वेळी जड आणि कडवट होते. जाणकार बागायतदार ब्रिक्सबरोबर बी फोडून पाहतो: तपकिरी, कुडकुडीत आणि कडू न लागणारी हवी. तोपर्यंत थांबलं तर पीएच ३.८ च्या वर जातो, म्हणजे आंबटपणा फार कमी होतो, मग टार्टरिक आम्ल घालावं लागतं. ते उशिरा घातलं तर घोट गिळल्यावर शेवटी लिंबू पिळल्यासारखी सुटी आंबट धार लागते. अशी धार लागली की दोष मार्चचा आहे असं समजावं.

लवकर छाटणी केली तर काढणी थंडीत येते, हे सगळ्यांना कळतं. मग सगळेच का करत नाहीत? सप्टेंबरच्या पावसात कोवळ्या फुटीवर केवडा हा बुरशीचा रोग येतो, एका आठवड्यात घड जिरतात. ऑक्टोबरपर्यंत थांबणारा भित्रा नसतो, फवारणीचा खर्च मोजणारा असतो. शिवाय शिराझचा मणी थॉमसन या खाण्याच्या द्राक्षापेक्षा बराच लहान, दीड ग्रॅमच्या आसपास, आणि काढणी लांबली की वेलीवरच सुरकुततो. वजन घटतं, साखर आटते, वाइनला मनुक्याचा वास येतो. खाण्याच्या द्राक्षाचं एकरी दहा-बारा टनांचं गणित इथे चालत नाही. चार-पाच टनांपलीकडे गेलं की रंग पातळ होतो. मांडवापेक्षा उभ्या तारांची बाग बरी, पण पश्चिमेकडची पानं सरसकट काढू नयेत. दुपारचं ऊन घडावर पडलं की उरलीसुरली मिरीही जाते.

चांगल्या नाशिक शिराझमध्ये पिकलेलं जांभूळ, आलुबुखार, लवंग आणि शेवटी हलकी मिरी मिळते. अल्कोहोल १३ ते १४ टक्के. सुलाची ‘दिंडोरी रिझर्व्ह’ आणि ‘रासा’ या ओकमध्ये मुरवलेल्या बाटल्या सहज मिळतात आणि या शैलीचा अंदाज घ्यायला ठीक आहेत. एकूण नाशिकच्या महागड्या बाटल्यांबद्दल तक्रार एवढीच की ओकवर भर फार. लवंग-व्हॅनिलाचा वास लाकडाचा, द्राक्षाचा नव्हे. ग्लास दहा मिनिटं ठेवल्यावर तोच एकटा उरला तर तुम्ही पिंपाचे पैसे दिलेत.

खरेदी करताना लेबलावर हंगामाचं साल पाहा. नाशिकची काढणी फेब्रुवारीत आणि फ्रान्सची सप्टेंबरमध्ये, म्हणून त्याच सालाची नाशिकची बाटली सुमारे सात महिन्यांनी मोठी. साधी असेल तर तीन वर्षांत, रिझर्व्ह पाच-सहा वर्षांत संपवावी. वाढलेल्या पीएचमुळे ती जास्त मुरत नाही, नुसती थकते. काचेच्या दर्शनी कपाटातली, ट्यूबखाली उभी ठेवलेली बाटली नको. बूच तोंडाबाहेर आलं असेल किंवा आवरणाखाली चिकट ओघळ असेल तर बाटली उन्हात तापली आहे. बूच नसून फिरकीचं झाकण असेल तर ती स्वस्त असेलच असं नाही, आपल्या उन्हाळ्यात उलट बरं.

‘रूम टेंपरेचर’ हा शब्द मे महिन्यात विसरा. १६ ते १८ अंश हवेत. बत्तीस अंशांच्या खोलीतली बाटली फ्रिजमध्ये सव्वा-दीड तास, किंवा बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घातलेल्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, बाटलीला बर्फ टेकतो तेवढाच भाग गार होतो. गरम शिराझमध्ये अल्कोहोल नाकात जातं आणि मिरी झाकते. अति गार केली तर टॅनिन कात खाल्ल्यासारखं लागतं.

उघडल्यावर कुजक्या अंड्याचा किंवा जळक्या रबराचा वास आला तर लगेच ओतून देऊ नका. सिराला ही खोडच आहे. आंबवताना यीस्टला नायट्रोजन कमी पडला किंवा हवा मिळाली नाही की गंधकाची संयुगं साचतात. जगमध्ये उंचावरून ओता, वीस मिनिटं ठेवा. तरी राहिला तर स्वच्छ घासलेला तांब्याचा चमचा ग्लासात अर्धा मिनिट फिरवा, बऱ्याचदा जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र बुचाचा दोष, तो हवेनं वाढतो, ती बाटली परत करावी. नेलपॉलिशचा वासही असाच न सुधारणारा. तळाचे जांभळे खडे टार्टारचे, निरुपद्रवी.

जेवणात झणझणीत मिसळ किंवा तांबडा रस्सा हिच्याबरोबर नको, अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं आणि टॅनिन कडू होतं. बांगड्याबरोबर तर तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते, कारण वाइनमधलं लोह माशाच्या तेलाला भिडतं. तिथे सोलकढीच बरी. काळ्या मसाल्याचं सुकं मटण, मिरी पुढे असलेला खिमा, चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, हे मात्र चपखल बसतं. तेल आणि धूर टॅनिनला गुळगुळीत करतात, आणि मसाल्यातली मिरी ग्लासातली मिरी वर आणते.

७५० मिलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. उरलेली बाटली झाकण लावून उभी फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस चांगली राहते, तिसऱ्या दिवशी फळ उतरतं. चौथ्या दिवशी मटणाच्या कांद्यात घाला, पण अल्कोहोल उडेपर्यंत परता आणि त्या दिवशी टोमॅटो वगळा.