सोयाबीन, तूर की कापूस? पावसाचा खंड आणि अतिवृष्टी दोन्ही धरून ठरवा

जून जवळ आला की एकच चर्चा, यंदा पाऊस सरासरीच्या किती टक्के. मराठवाड्यात तरी त्या टक्केवारीवर पीक ठरवण्यात मला काही दम वाटत नाही, कारण सरासरी भरते हो, पण कशी भरते तर तीन आठवडे कोरडे आणि मग दोन रात्रीत सगळा ढग रिकामा, कागदावर मात्र पाऊस ओके. त्यामुळे पाऊस दगा देतो तेव्हा पीक कुठल्या अवस्थेत असतं हे बघायचं.

सोयाबीन सगळ्यात नाजूक, आणि आपण सगळ्यात जास्त तेच पेरतो. जेएस ३३५ हे वाण साधारण ९५-१०० दिवसांचं, म्हणजे जूनअखेर पेरलं की फुलोरा आणि शेंगा बरोबर ऑगस्टच्या खंडात सापडतात. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला, हलक्या रानात फुलं गळली, शेंगा पोचट राहिल्या, वरून पिवळा मोझॅक. आणि खंडातून वाचलं तरी काढणीला पाऊस आहेच, ऑक्टोबर २०१९ आठवा, उभ्या झाडावरची शेंग उकलली की आत दाणा फुगलेला आणि पांढरा कोंब बाहेर. सप्टेंबर २०२५ मध्ये तर काही ठिकाणी पिकासोबत मातीच खरडून गेली. शिवाय माल ओला असला की हमीभाव केंद्रावर १२ टक्के मॉइश्चरची अट आडवी येते.

तुरीचं उलटं. मूळ खोल, फुलोरा पाऊस ओसरल्यावर, त्यामुळे ऑगस्टचा खंड ती आरामात काढते. पण पाणी तुंबलेलं अजिबात चालत नाही, दोन दिवस रान चिभडलं, म्हणजे पाणी साचून राहिलं की बुडाजवळ खोडावर तपकिरी चट्टे पडतात आणि झाड उभं वाळतं. बीडीएन ७११ हे वाण घेतलं तर १५०-१६० दिवसात निघतं, पण रान तेवढे दिवस अडकतं, रब्बीचा हरभरा विसरा.

कापूस मधला. खंडात पातेगळ होते, म्हणजे फुलाच्या कळ्या गळतात, पण पुढे पाऊस झाला की नवी पाती धरतो, सोयाबीनला ही दुसरी संधी नसते. त्याची खरी भीती म्हणजे लांब खंडानंतर एकदम मोठा पाऊस, एका दिवसात पानं मलूल, हीच आकस्मिक मर, लगेच चर काढून पाणी बाहेर काढलं तर बरीच झाडं सावरतात. सप्टेंबरच्या झडीत खालची बोंडं काळी पडतात ते वेगळंच, आणि वेचणीची मजुरी, बोंडअळी तर तुम्हाला माहितीये.

माझं मत विचाराल तर मध्यम, निचऱ्याच्या रानात सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक आणि तेही बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडून, कारण सरीत खंडात ओल टिकते आणि जास्त पावसाचं पाणी निघूनही जातं. ओढ्याकाठच्या भारी रानात तूर नकोच. तिथं कापूस किंवा लवकर येणारं सोयाबीन, पण निचऱ्याचा चर पेरणीआधीच काढा, सप्टेंबरात ट्रॅक्टर रानात शिरत नाही. आणि सगळं सोयाबीन एकाच वाणाचं नको, सगळं एकाच आठवड्यात पिकतं आणि नेमका तोच आठवडा पावसाचा निघतो. पेरणी मात्र ७५-१०० मिमी पडल्याशिवाय नाही, शेजाऱ्याची तिफण सुटली तरी.